खुर्चीची इच्छा

संस्था म्हटली की अध्यक्ष आला, आणि अध्यक्ष म्हटला की त्याच्या खुर्चीकडे पाहणारे आठ-दहा डोळेही आले. गावातले वाचनालय असो, गणेशोत्सवाचे मंडळ असो, सहकारी पतपेढी असो की नाट्यसंस्था असो. खुर्ची एक आणि तिच्यावर बसण्यास योग्य अशी माणसे, निदान त्यांच्या स्वतःच्या मते, पुष्कळ. गंमत अशी की, यांपैकी कोणालाही विचारा, 'मला पदाची मुळीच हौस नाही, पण लोकांचा आग्रह मोडवत नाही,' हेच उत्तर मिळेल. भूक लागली हे सांगायला माणसाला संकोच वाटत नाही. खुर्ची हवी हे सांगायला मात्र वाटतो. आणि जे उघडपणे मागता येत नाही ते मग आडवाटेने मिळवावे लागते.

ही इच्छा खरोखरच वाईट आहे काय? आणि एकाच खुर्चीसाठी दोन लायक माणसे उभी राहिली असता, निवड करणाऱ्याने नीतीच्या दृष्टीने कशाकडे पाहावे? राजकारणातली उदाहरणे घेऊन हा प्रश्न सोडवू गेले तर वाचक ताबडतोब आपापल्या पक्षाच्या बाजूला जाऊन बसतात, आणि ऐन दिवाळीत घरात दोन तट पडतात. म्हणून मी उदाहरण पार समुद्रापलीकडचे, आणि तेही खेळातले घेतो : न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघटनेचे.

रग्बी हा खेळ आपल्या घरोघरी माहीत नाही. मुंबईच्या जिमखान्यावर तो पुष्कळ वर्षांपासून खेळला जातो. पण क्रिकेटने व्यापलेल्या आपल्या मनात त्याला एखादा कोपराच मिळाला आहे. अंड्याच्या आकाराचा चेंडू, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा धिप्पाड गडी, आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो चेंडू जमिनीला टेकवण्याची धडपड. प्रथम पाहणाऱ्याला ती निव्वळ हाणामारीच वाटते. पण या हाणामारीत एक मोठा मार्मिक नियम आहे. चेंडू छातीशी धरून पुढे धावता येते, पायाने तो पुढे मारताही येतो. मात्र हाताने तो सोबत्याला द्यायचा, तर पुढच्याकडे फेकता येत नाही. बाजूच्याला किंवा मागच्यालाच द्यावा लागतो. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे पुढे काम पडेल.

न्यूझीलंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. म्हणजे एकट्या मुंबईत असे दोन देश सहज मावतील. पण या चिमुकल्या देशाचा रग्बी संघ, काळ्या पोशाखामुळे ज्याला 'ऑल ब्लॅक्स' म्हणतात तो, जगात दरारा बाळगून आहे. १८९२ साली स्थापन झालेली तिथली रग्बी संघटना म्हणजे जणू देशाचे दुसरे मंत्रिमंडळच, आणि संघाच्या प्रशिक्षकाची खुर्ची ही त्या देशातली सर्वांत तापलेली खुर्ची. १९८७ साली पहिला विश्वचषक न्यूझीलंडने जिंकला, आणि मग चोवीस वर्षे तो पुन्हा काही हाती येईना. १९९१, १९९५, १९९९ आणि २००३ या चारही स्पर्धांत संघ हरला, आणि चारही वेळा पराभवानंतर प्रशिक्षक बदलला. १९९९ साली फ्रान्सकडून उपान्त्य सामन्यात हार पत्करून जॉन हार्ट मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या शर्यतीच्या घोड्यावरही लोकांनी राग काढला म्हणतात. घोडा बिचारा रग्बी खेळला नव्हता. पण सामुदायिक क्रोधाला एवढा बारीक विचार करण्याची सवड नसते.

या इतिहासातले पहिले प्रकरण तडजोडीचे आहे. १९९१ च्या विश्वचषकाच्या वेळी अ‍ॅलेक्स वायली हे प्रशिक्षक होते. ते कँटरबरी प्रांताचे. ऑकलंडला विजयामागून विजय मिळवून देणारे हार्ट हे त्यांचे प्रतिस्पर्धी. दोघांच्या पाठीशी दोन बलाढ्य प्रांत. संघटनेने काय करावे? तिने दोघांनाही एकाच खुर्चीवर बसवले : दोघे संयुक्त प्रशिक्षक! आपल्याकडच्या कोणत्याही मंडळाच्या चिटणीसाला ही युक्ती ओळखीची वाटेल. दोन गट भांडू लागले की दोघांनाही पद द्यावे आणि शांतता विकत घ्यावी. पण या शांततेची किंमत सहसा कामाच्या खात्यातून वळती होते. डब्लिनच्या उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला १६-६ असे हरवले. पराभवाला कारणे अनेक असतील. पण एकमेकांना न निवडलेल्या दोन माणसांना एका जुवाला जुंपून गाडी हाकता येत नाही, एवढे तरी त्यातून लोकांना उमगले.

दुसरे प्रकरण मला याहून महत्त्वाचे वाटते, कारण त्यात नीतीचा प्रश्न अगदी उघडा आहे. हार्ट यांच्यामागून वेन स्मिथ प्रशिक्षक झाले. स्वतः नावाजलेले खेळाडू, आणि प्रशिक्षक म्हणून १९९८ व १९९९ अशी लागोपाठ दोन वर्षे 'क्रुसेडर्स' संघाला विजेतेपद मिळवून दिलेले. २००१ साली ऑस्ट्रेलियाकडून एक निसटता पराभव झाला आणि हंगाम संपला. या कामाला आपणच योग्य माणूस आहोत की नाही, याविषयीची मनातली शंका स्मिथ यांनी मोकळेपणाने बोलून दाखवली. झाले! संघटनेने जागेसाठी नव्याने उमेदवार पाहिले. स्मिथ यांनी पुन्हा आपले नाव पुढे केले. पण बोललेला शब्द परत घेता येत नाही. जॉन मिचेल यांची निवड झाली.

आता संघटनेचे चुकले काय? तिच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. ज्या सेनापतीला आपल्याविषयीच खात्री नाही, त्याच्या हाती फौज कशी द्यावी, असे कोणीही विचारील. पण दुसरी बाजूही पाहावी. स्वतःविषयी कधीच शंका न येणारी माणसे जगात दोनच प्रकारची असतात : एक मूर्ख, आणि दुसरी शंका लपवण्यात तरबेज. जी संस्था शंका बोलून दाखवणाऱ्याला काढून टाकते, ती सत्य बोलण्यावर दंड बसवते. आणि ज्या गोष्टीवर दंड बसतो ती गोष्ट हळूहळू दुर्मीळ होते. पुढच्या प्रत्येक उमेदवाराने त्या दिवशी एक धडा घेतला असणार : पोटात काहीही असो, ओठांवर मात्र छातीठोकपणाच हवा. अशा रीतीने संस्था स्वतःच्याच हातांनी ढोंगाची शाळा काढते, आणि मग आपल्याला सच्ची माणसे मिळत नाहीत म्हणून हळहळते.

२००३ साली मिचेल यांचाही संघ उपान्त्य सामन्यात हरला आणि खुर्ची पुन्हा रिकामी झाली. तिच्यावर आले ग्रॅहॅम हेन्री. हे गृहस्थ मूळचे शिक्षक, ऑकलंडमधल्या एका मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक. १९९८ पासून २००२ पर्यंत त्यांनी वेल्सच्या राष्ट्रीय संघाला शिकवले होते. त्यांनी सहायक म्हणून कोणाला घ्यावे? एक स्टीव्ह हॅन्सन, जे त्यांच्या मागून वेल्सचे प्रशिक्षक झाले होते. आणि दुसरे, ज्यांना संघटनेने दोन वर्षांपूर्वी नाकारले तेच वेन स्मिथ. तिघेही एकेकाळी राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक. सामान्य मनुष्य अशा वेळी आपल्याहून दोन पायऱ्या खालची माणसे शोधतो, म्हणजे मान वर करून पाहणारे लोक भोवती राहतात. हेन्रींनी बरोबरीची माणसे बोलावली, आणि स्मिथही एके काळी आपलीच असलेल्या खुर्चीच्या शेजारी, दुय्यम जागेवर, येऊन बसले. १९९१ सालीही एकाहून अधिक कर्ती माणसे एकत्र होती, मग फरक कोणता? तेव्हाची जोडी समितीने जुळवली होती, ही त्रयी आपखुशीने जुळली होती. तिथे खुर्चीचे दोन तुकडे केले होते. इथे खुर्ची एकाचीच होती, वाटून घेतले होते ते काम.

पण कसोटीचा क्षण अजून यायचाच होता. २००७ साली कार्डिफ येथे, उपउपान्त्य सामन्यातच, फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ असे हरवले. इतक्या लवकर न्यूझीलंड संघ विश्वचषकातून कधीच बाहेर पडला नव्हता. फ्रान्सच्या निर्णायक चढाईत चेंडू हाताने पुढे फेकला गेला होता. वर सांगितलेला नियमच मोडला होता, आणि पंचांच्या नजरेतून तो निसटला. हेन्री यांच्या चुकाही होत्या. प्रमुख खेळाडूंना विश्रांती मिळावी म्हणून त्यांना त्या वर्षीच्या हंगामाच्या पहिल्या भागातून बाहेर ठेवले होते. सरावच कमी पडला, असे टीकाकार म्हणत. रिवाजाप्रमाणे हेन्रींनी जायला हवे होते. पण ते पुन्हा उमेदवार म्हणून उभे राहिले.

समोर उमेदवार होते रॉबी डीन्स. क्रुसेडर्सला त्यांनी तोवर चार वेळा अजिंक्यपद मिळवून दिले होते. आता पाळी त्यांचीच, असे अनेकांना वाटत होते, आणि तसे वाटणे गैर नव्हते. संघटनेने मात्र हेन्रींनाच पुन्हा नेमले. विश्वचषक हरलेल्या प्रशिक्षकाला लगोलग त्याच जागी ठेवल्याचे त्या देशात हे पहिलेच उदाहरण. थोड्याच दिवसांत ऑस्ट्रेलियाने डीन्स यांना बोलावले आणि ते समुद्र ओलांडून प्रतिस्पर्ध्याच्या गोटात दाखल झाले. २००८ च्या पहिल्याच भेटीत त्यांच्या ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला ३४-१९ अशी धूळ चारली. पुढे २०११ च्या विश्वचषकात, ऑकलंडच्या ईडन पार्कवर, उपान्त्य सामन्यात न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला २०-६ असे नमवले, आणि अंतिम सामन्यात फ्रान्सला ८-७ असे हरवून तो हरवलेला चषक घरी आणला. हेन्रींना 'सर' ही पदवी मिळाली.

ही कथा सांगून लोक म्हणतात, 'पाहा, संघटनेचा निर्णय बरोबर ठरला!' मला हा न्याय पटत नाही. २००७ साली दोन गुणांनी पराभव, २०११ साली एका गुणाने विजय. एवढ्या चिंचोळ्या फटीत एक मनुष्य नालायकाचा नरोत्तम होतो काय? अंतिम सामन्यात फ्रेंचांची एखादी लाथ दोन हात आतल्या बाजूने गेली असती, तर तोच निर्णय सर्वांनी मूर्खपणाचा ठरवला असता. निर्णयाची नीती त्याच्या फळावरून मोजू नये, कारण फळात दैवाचा वाटा असतो आणि दैवाचे पुण्य आपल्या खात्यावर मांडणे ही एक प्रकारची चोरीच होय. संघटनेचा निर्णय योग्य होता तो एवढ्याचसाठी की, चार वर्षांचे काम तिने एका दुपारीच्या निकालाहून मोठे मानले. तो चषक हातून गेला असता तरीही तो निर्णय योग्यच राहिला असता.

आणि डीन्स? त्यांना काहींनी फितूर ठरवले. मला ते अन्यायाचे वाटते. ज्याने आपली विद्या प्रथम घरच्यांपुढे मांडली, आणि घरच्यांनी ती नाकारल्यावर शेजाऱ्याच्या हाकेला ओ दिली, त्याला फितूर कसे म्हणावे? मनात खुर्ची धरून तोंडाने नको म्हणणाऱ्या आणि रात्री कार्यकारिणीच्या सभासदांची घरे झिजवणाऱ्या उमेदवारांपेक्षा, 'मला हे पद हवे' असे उजेडात सांगून, नकार ऐकून, दुसऱ्या मैदानावर आपले काम सुरू करणारा माणूस शतपटीने सरळ. उघड इच्छेने संस्था बिघडत नाहीत; त्या बिघडतात दडवलेल्या इच्छेने.

निवड करणाऱ्याचे कर्तव्य केवळ निवडीपाशी संपत नाही, हे दाखवणारे प्रकरण अलीकडचे आहे. हेन्रींमागून हॅन्सन प्रशिक्षक झाले, त्यांनी २०१५ चा चषक जिंकला. आणि त्यांचे सहायक इयन फॉस्टर यांना २०१९ च्या अखेरीस, स्कॉट रॉबर्टसन या लोकप्रिय उमेदवाराला डावलून, ती जागा मिळाली. २०२२ साली आयर्लंडने न्यूझीलंडमध्ये येऊन मालिका जिंकली आणि फॉस्टर यांची खुर्ची डळमळली. त्यांना संघटनेने ठेवले खरे. पण २०२३ च्या मार्च महिन्यात, विश्वचषकाला काही महिने उरले असताना, पुढच्या वर्षासाठी रॉबर्टसन यांची नेमणूक जाहीर करून टाकली. ही जागा विश्वचषकापूर्वीच भरू नये, असे फॉस्टर यांचे म्हणणे होते आणि ते उमेदवारच झाले नाहीत. घरात आजोबा जिवंत असताना त्यांच्या खोलीची वाटणी मोठ्याने बोलावी, तसाच हा प्रकार. पुढची व्यवस्था वेळेवर करणे हे शहाणपण आहे, हे मान्य. पण शहाणपणाला अदबीची जोड नसली की त्याचे क्रौर्य होते. फॉस्टर मात्र काम करीत राहिले. सलग सतरा सामने जिंकून आलेल्या त्याच आयर्लंडला त्यांच्या संघाने उपउपान्त्य सामन्यात हरवले, आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेशी झुंजताना ते ११-१२ असे हरले. पुन्हा एकच गुण! एका गुणाने एकाला सरदारकी, एका गुणाने दुसऱ्याला निरोप.

निवड करणारे तरी खुर्चीच्या मोहापासून मुक्त असतात काय? २०२३ साली एका स्वतंत्र पाहणीने असा सल्ला दिला की, संघटनेच्या संचालक मंडळात प्रांतांचे हितसंबंध नसलेली, सर्वस्वी स्वतंत्र माणसे असावीत. निर्णय घ्यायचा होता तो सव्वीस प्रांतिक संघटनांच्या हाती. म्हणजे आपल्याच खुर्च्यांचे पाय कापायचे की नाहीत, हे खुर्चीत बसूनच ठरवायचे होते. २०२४ च्या मे महिन्यात त्यांनी तो सल्ला बाजूला सारून स्वतःचीच योजना मंजूर केली : मंडळातल्या किमान तिघांना प्रांतिक मंडळाचा अनुभव हवाच. त्यांचीही बाजू आहे. गावोगावची मैदाने राखणारे तेच आहेत. पण प्रशिक्षकाला 'तू बाजूला हो' असे सांगताना ज्यांचा आवाज ठाम असतो, त्यांचाच आवाज स्वतःची पाळी आली की कसा मऊ होतो, हे इथे दिसते. यात न्यूझीलंडचे नवल नाही. आपल्या कोणत्याही संस्थेची घटना दुरुस्त करू जा, हाच अनुभव येईल.

इथवर आल्यावर एखादा वाचक म्हणेल, 'एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडे निष्काम कर्माचा मार्ग सांगितलेलाच आहे. पदाची आशाच धरू नये.' हा आक्षेप वरवर सात्त्विक आहे, पण त्यात एक मेख आहे. निष्काम कर्माचा उपदेश बहुधा खुर्चीत बसलेला माणूस बाहेर उभ्या असलेल्याला करतो. 'तू काम करीत राहा, फळाची आशा धरू नकोस,' असे म्हणणाऱ्याच्या ताटात फळे मांडलेली असतात. अशा उपदेशाने कर्तबगार तरुण दडपले जातात आणि जुने लोक सुखाने जागा अडवून बसतात. मोठे काम करायचे तर अधिकार लागतो. म्हणून अधिकाराची इच्छा ही कामाच्या इच्छेचीच सावली असू शकते. सावली आहे म्हणून कोणी झाड तोडीत नाही.

मात्र कधी कधी नुसती सावलीच असते, झाड नसतेच. हे ओळखावे कसे? पद मिळाल्यावर ते ओळखता येत नाही, कारण पदावर बसलेला प्रत्येक जण कामसू दिसतो. ओळख पटते ती पद नाकारले गेल्यावर. ज्याला खुर्चीच हवी होती तो नकारानंतर एक तर घरी बसतो, नाही तर खुर्चीचे पाय करवतू लागतो. ज्याला काम हवे होते तो चार दिवस दुःख करतो, ते करण्याचा त्याला अधिकारही आहे, आणि मग काम जिथे सापडेल तिथे जातो. डीन्स तसे गेले. आणि वेन स्मिथ यांची कहाणी तर याहूनही बोलकी आहे.

२०२१ च्या अखेरीस न्यूझीलंडचा महिला संघ इंग्लंड आणि फ्रान्सच्या दौऱ्यावर चारही कसोटी सामने हरून परतला. संघात खळबळ माजली, प्रशिक्षकांनी राजीनामा दिला, आणि मायदेशातला विश्वचषक तर काही महिन्यांवर आलेला. त्या वेळी सूत्रे हाती घेतली ती पासष्टीत आलेल्या स्मिथ यांनी. ज्यांना वीस वर्षांपूर्वी 'याची स्वतःविषयीच खात्री नाही' म्हणून बाजूला केले होते, तेच हे. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी, ईडन पार्कवर बेचाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, सलग तीस सामने जिंकलेल्या इंग्लंडला त्या मुलींनी ३४-३१ असे हरवले. वर मीच म्हटले की फळावरून निर्णय मोजू नये. तेव्हा या विजयाने स्मिथ यांची २००१ मधली बाजू सिद्ध झाली असे मी म्हणणार नाही. तीन गुण इकडचे तिकडे झाले असते तरी माझा मुद्दा तोच राहिला असता. मुद्दा असा की, नकारानंतरच्या वीस वर्षांत या माणसाने परक्या क्लबात, दुसऱ्याच्या हाताखाली, आणि शेवटी कोणी फारसे न विचारलेल्या संघात, अशी जागा बदलत बदलत काम चालूच ठेवले होते. खुर्ची गेली तेव्हा त्यांची शंका त्यांच्यापाशी राहिली, आणि कामही राहिले.

तात्पर्य, पदाची इच्छा लाजिरवाणी नाही. ती उजेडात मांडावी. निवड करणाऱ्यांनी सत्य बोलणाऱ्याला दंड करू नये, चार वर्षांचे काम एका गुणाच्या तराजूत घालू नये, आणि जाणाऱ्याला निरोप देताना त्याचा मान राखावा. आणि ज्याला खुर्ची मिळाली आहे त्याने त्या अंडाकृती चेंडूचा नियम आठवावा. चेंडू कितीही घट्ट कवटाळून धावले तरी कुठे तरी माणूस अडवला जातोच. त्या क्षणी पुढे कोणीच नसते. चेंडू द्यायचा तो मागून धावत आलेल्याच्याच हाती. तो तिथे आहे की नाही, हे मात्र अडवले जाण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते.

येत्या वर्षी आपापल्या मंडळांच्या, संस्थांच्या आणि पतपेढ्यांच्या वार्षिक सभा भरतील. सभापतींच्या खुर्चीमागे कोण उभे आहे ते तेवढे मान वळवून पाहावे.